यंत्र आधी कोणाच्या हातातलं काम घेतं?

प्रश्न असा आहे: "माझं वय ४१. गेली १७ वर्षं एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. दोन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं आणि बिलांची नोंद आता आपोआप होते. मुलगी यंदा वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण करते आहे. रोज कोणीतरी सांगतं की एआय सगळ्यांच्या नोकऱ्या घेणार. जगभरात नेमकं काय चाललं आहे? माझं काय होईल आणि मुलीने काय करावं?"

मी २६ वर्षं कंपन्यांमध्ये नव्या संगणक प्रणाली बसवण्याच्या कामात आहे. सुरुवातीची दहा-बारा वर्षं प्रणाली चालू करून द्यायची आणि निघायचं, एवढंच काम होतं. पुढे ज्यांचं काम त्या प्रणालीने घेतलं, त्या माणसांना दुसऱ्या कामावर उभं करण्याची जबाबदारीही माझ्याकडे आली. तेव्हापासून या विषयाकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

आधी थोडक्यात उत्तर देतो. तुमची नोकरी एका झटक्यात जाण्याची शक्यता कमी आहे. पण तुमच्या विभागात गेल्या दोन वर्षांत नवीन माणूस घेतला गेला का, ते आठवून पाहा. बहुतेक नसेल. माझ्या अनुभवात खरा बदल तिथे असतो. कामावरून काढलेल्यांची बातमी होते. ज्यांना कामावर घेतलंच गेलं नाही, त्यांची कुठेच नोंद होत नाही. त्यामुळे तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीच्या प्रश्नाची मला जास्त काळजी वाटते. तिच्याकडे येण्याआधी काही गोष्टी स्पष्ट करून घेऊ.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र अख्खी नोकरी उचलून नेत नाही, तिच्यातली कामं एकेक करून नेतं. तुमच्याच नोकरीत दहा-बारा वेगळी कामं असतील: बिल नोंदवणं, पुरवठादाराच्या खात्याशी ताळमेळ घालणं, थकबाकीसाठी फोन करणं, चुकलेला आकडा शोधणं, लेखापरीक्षकाला उत्तरं देणं, वरिष्ठांना महिनाअखेरची स्थिती समजावणं. सॉफ्टवेअरने त्यातलं पहिलं घेतलं, दुसऱ्यातलं अर्धं घेतलं. बाकीची तुमच्याकडेच आहेत. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबॉर्न या दोन संशोधकांनी अंदाज मांडला, की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना स्वयंचलनाचा मोठा धोका आहे. तो आकडा जगभर गाजला. २०१६ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात हाच प्रश्न कामांच्या पातळीवर तपासला, म्हणजे एकाच पदावरची माणसं प्रत्यक्षात काय काय करतात ते पाहिलं. तेव्हा २१ देशांची सरासरी ९ टक्के निघाली. यंत्रं तीच होती. फरक पडला तो फक्त मोजायचं काय, नोकरी की काम, यामुळे.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण क्ष-किरण तज्ज्ञांचं, म्हणजे रेडिओलॉजिस्टांचं आहे. जेफ्री हिंटन हे आजच्या एआयच्या पायाभरणीतलं मोठं नाव. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. २०१६ मध्ये ते म्हणाले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, कारण पाचेक वर्षांत यंत्रच हे काम अधिक चांगलं करेल. चित्रं वाचणारी यंत्रं खरोखरच आली. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या वैद्यकीय एआय साधनांपैकी बहुसंख्य याच शाखेतली आहेत. तरीही रेडिओलॉजिस्टची मागणी घटलेली नाही, अनेक देशांत त्यांचा तुटवडा आहे. चित्र वाचणं हा त्यांच्या दिवसाचा एक भाग असतो. कोणती तपासणी करायची ते ठरवणं, दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणं, शंका असेल तिथे सुई घालून नमुना घेणं, निष्कर्षावर सही करून जबाबदारी घेणं, हे सारं उरतंच. शिवाय तपासणी जलद झाली की डॉक्टर जास्त तपासण्या सांगतात. त्या वेळी कोण्या विद्यार्थ्याने ते वाक्य ऐकून हा मार्ग सोडला असेल, तर त्याचं नुकसान भविष्यवाणीने केलं. तुमच्या मुलीपुढे अशी भाकितं रोज येणार आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता उलट बाजू. "यंत्राने नोकऱ्या वाढतात" हे सांगताना बँकेच्या एटीएमचं उदाहरण हमखास दिलं जातं. पहिलं एटीएम १९६७ मध्ये लंडनजवळ एन्फिल्डला लागलं. अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांनी अमेरिकेचे आकडे मांडून दाखवलं, की १९८८ ते २००४ या काळात शहरी शाखेत सरासरी २० रोखपाल होते ते १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्याने बँकांनी शाखाच ४० टक्क्यांहून अधिक वाढवल्या. एकूण रोखपाल कमी झाले नाहीत. गोष्ट खरी आहे, पण लोक ती अर्ध्यावर थांबवतात. मोबाइलवर बँक आली, शाखेत जायची गरजच उरली नाही आणि गेल्या दशकात अमेरिकेत रोखपालांची संख्या घसरत गेली. एटीएमने रोखपालाचं एक काम घेतलं होतं. मोबाइलने ग्राहकाला शाखेत आणणारं कारणच काढून घेतलं.

यातून मी कामाला लागणारा एक प्रश्न शिकलो: स्वस्त झालं तर लोक ते अधिक मागतील का? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत यंत्रमागांनी एक वार कापड विणायला लागणारे मानवी कष्ट जवळजवळ ९८ टक्क्यांनी कमी केले, तरी विणकाम करणारे कामगार वाढले. कापड स्वस्त झालं तसं लोकांनी एकाऐवजी चार कपडे घेतले. शेतीत तसं झालं नाही, कारण धान्य कितीही स्वस्त झालं तरी माणूस खाऊन खाऊन किती खाणार? १९०० च्या सुमारास अमेरिकेतले सुमारे ४० टक्के कामकरी शेतीत होते, आज दोन टक्क्यांच्या आत आहेत. तुमच्या क्षेत्रातही दोन्ही झालेलं आहे. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हा वैयक्तिक संगणकावरचा पहिला स्प्रेडशीट, म्हणजे ओळी-रकान्यांत आपोआप हिशेब करणारा प्रोग्राम, आला. त्यानंतर अमेरिकेत वह्या लिहिणारे हिशेबनीस कमी झाले आणि लेखापाल, विश्लेषक वाढले. बेरीज स्वस्त झाल्यावर "समजा दर दोन टक्क्यांनी बदलला तर?" असे प्रश्न विचारणं परवडू लागलं आणि त्यांची उत्तरं देणारी माणसं लागली. नोंद करणाऱ्याची गरज मात्र वाढली नाही. म्हणून तुमच्या कामांच्या यादीत हाच प्रश्न एकेका कामासमोर लिहून पाहा.

आजवरच्या यंत्रांचा एक ढाचा होता. २००३ मध्ये ऑटर, लेव्ही आणि मर्नेन यांनी तो नेमक्या शब्दांत मांडला: ज्या कामाचे नियम लिहून काढता येतात ते संगणकाकडे जातं, मग ते हाताचं असो की डोक्याचं. म्हणून मधल्या थरातली कारकुनी आणि कारखान्यातली ठरावीक कामं आक्रसली. वरची निर्णयाची कामं वाढली, आणि खालची स्वच्छतेची, शुश्रूषेची, पोहोचवण्याचीही वाढली. मधला थर पातळ झाला. आताचं एआय या ढाच्यात बसत नाही. त्याला नियम लिहून द्यावे लागत नाहीत. हजारो उदाहरणं पाहून ते स्वतःच जमवतं. त्यामुळे मसुदा लिहिणं, सारांश काढणं, साधा प्रोग्राम लिहिणं, ग्राहकाला उत्तर देणं, अशी सुशिक्षितांची कामंही पहिल्यांदाच त्याच्या आवाक्यात आली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये अंदाज दिला, की जगातल्या जवळपास ४० टक्के नोकऱ्यांना एआयचा स्पर्श होईल. श्रीमंत देशांत ६० टक्के, गरीब देशांत २६ टक्के. 'स्पर्श' हा शब्द लक्षात ठेवा, कारण त्यातल्या बऱ्याच नोकऱ्यांत एआयमुळे काम सुधारेल असंही त्याच अहवालात आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासात सगळ्यात जास्त भार कारकुनी कामांवर दिसला. कार्यालयीन कामांत स्त्रिया जास्त असल्याने श्रीमंत देशांत स्त्रियांच्या ७.८ टक्के आणि पुरुषांच्या २.९ टक्के नोकऱ्या यंत्राकडे जाण्याजोग्या निघाल्या. या फरकाकडे धोरण आखणारे अजून पुरेसं पाहत नाहीत, आणि ते मला खटकतं.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. धक्का कोणाला बसतो?

दोन प्रसंग शेजारी ठेवा. १९२० ते १९४० दरम्यान अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने शहरामागून शहरात टेलिफोन जोडणी यांत्रिक केली. 'नंबर प्लीज' म्हणत हाताने तारा जोडणाऱ्या तरुण मुलींची ती मोठी नोकरी होती. फायगेनबाउम आणि ग्रॉस या संशोधकांनी जनगणनेच्या नोंदींवरून त्यांचा माग काढला. पुढच्या पिढीतल्या मुलींना फारसा फटका बसला नाही. त्या सचिवाच्या कामात, उपाहारगृहांत गेल्या. आधीच ऑपरेटर असलेल्यांपैकी मात्र अनेकजणी दहा वर्षांनंतर कमी पगाराच्या कामात होत्या किंवा काम करतच नव्हत्या. एकच कौशल्य, आणि ते एकाच मालकाला विकता येणारं: मधल्या वयात हा फार मोठा धोका असतो.

दुसरा प्रसंग जर्मनीचा. १९९४ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या कारखान्यांत, विशेषतः मोटार उद्योगात, रोबोट मोठ्या संख्येने आले. संशोधकांना आढळलं, की रोबोटमुळे देशातला एकूण रोजगार घटला नाही आणि आधीपासूनचे कामगार बहुतेक त्याच कंपनीत राहिले. त्यांचं काम बदललं, काहींना वरचं काम मिळालं. कारखान्यांतली पदं जी घटली ती तरुणांची भरती कमी होऊन. तिथे कामगारांनी निवडलेल्या परिषदा कंपन्यांत मजबूत आहेत, आत असलेल्याला काढणं सोपं नाही. म्हणून दार बंद झालं ते बाहेर उभ्या असलेल्यांसाठी.

म्हणजे यंत्र तेच असलं तरी भार कोणाच्या खांद्यावर पडेल, हे तिथले करार आणि कायदे ठरवतात. तुमच्या घरात दोन्ही खांदे आहेत: आत असलेले तुम्ही आणि दाराबाहेर उभी असलेली मुलगी.

एआयच्या बाबतीत आतापर्यंतची चिन्हं जर्मनीच्या वळणाची आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा मोठा साठा तपासला. सॉफ्टवेअर लिहिणं, ग्राहकसेवा अशा एआयच्या तडाख्यातल्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घसरलेला दिसला. त्याच व्यवसायांतले अनुभवी लोक टिकून होते, काही ठिकाणी वाढले होते. घसरण होती ती जिथे एआय माणसाचं काम स्वतः करतं तिथे. जिथे ते माणसाला मदत करतं तिथे ती दिसली नाही. हा एका देशाचा अभ्यास आहे, आणि व्याजदर वाढणं, साथीच्या काळातली जादा भरती अशी दुसरी कारणंही काही अर्थतज्ज्ञ पुढे करतात. तरी मी कंपन्यांच्या आत जे पाहतो, त्याच्याशी हे चित्र जुळतं.

ते का घडतं, हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या वितरण कंपनीत आम्ही बिलं वाचून आपोआप नोंदवणारी प्रणाली बसवली. आधी सहा नवखी मुलं दिवसभर बिलं तपासायची. ठरलं की कोणाला काढायचं नाही. सहाही जणांना दुसरीकडे सामावून घेतलं आणि त्या जागा पुन्हा भरल्या नाहीत. माणसं वाचवली म्हणून मला समाधान होतं. पाच वर्षांनी त्याच कंपनीने पुन्हा बोलावलं. एका पुरवठादाराला तेच पैसे दोन वेगळ्या क्रमांकांच्या बिलांवर महिनोन्महिने दिले गेले होते. प्रणालीला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. जुने वरिष्ठ निवृत्त झाले होते आणि बिल हातात घेतल्यावर 'यात काहीतरी गडबड आहे' असं ज्याला वाटावं, असा माणूस विभागात उरला नव्हता. असं वाटण्याची शक्ती हजारो बिलं हाताखालून गेल्यावरच येते. आम्ही नवख्यांचं कंटाळवाणं काम यंत्राला दिलं तेव्हा त्याबरोबर उमेदवारीही, म्हणजे काम करत करत शिकण्याची संधीही, काढून टाकली होती. ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शस्त्रक्रियेतही हेच दिसलं. मॅट बीन या संशोधकाने अमेरिकेतल्या शिकाऊ शल्यचिकित्सकांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत मुख्य डॉक्टरला दुसरे हात लागतातच, त्यामुळे शिकाऊ डॉक्टर तासन्‌तास प्रत्यक्ष काम करतो. रोबोटच्या शस्त्रक्रियेत मुख्य डॉक्टर यंत्रासमोर बसून सगळं एकटा करू शकतो. शिकणारा पडद्यावर पाहत राहतो. मोजक्याच जणांनी वाट काढली, तीही आडमार्गाने: वेळेआधीच सिम्युलेटरवर, म्हणजे सरावाच्या यंत्रावर, तास घालून, चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून. बाकीच्यांना परवाना मिळाला पण हात तयार झाला नाही.

पण यंत्र शिकवूही शकतं, आणि हे तुम्ही मुलीला नक्की सांगा. पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा प्रतिनिधींच्या एका अभ्यासात एआय त्यांना बोलता बोलता उत्तरं सुचवत असे. सरासरी काम सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, पण नवख्यांचं जवळपास एक तृतीयांशाने. दोन महिन्यांचा नवखा सहा महिन्यांच्या माणसाइतकं काम करू लागला. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते असं, की मध्येच प्रणाली बंद पडली तेव्हाही तिच्यासोबत काम केलेल्यांची कामगिरी चांगली राहिली. म्हणजे ते शिकले होते. उत्तर सुचवलं जात होतं, पण ग्राहकाशी बोलत होता माणूसच आणि चुकलं तर लगेच त्यालाच कळत होतं. माझ्या मुलांच्या वयाच्या सहकाऱ्यांना मी हा फरक पुन्हा पुन्हा दाखवतो: हात आपला राहिला तर यंत्र शिकवतं, हात सुटला तर नाही.

इथे एक सावधगिरीही सांगतो. एआयने आपण किती वेगवान झालो, याबद्दल माणसाचा अंदाज फार चुकतो. २०२५ मध्ये मीटर (METR) नावाच्या एआयची चाचणी घेणाऱ्या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर काम दिलं. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं. प्रयोग छोटा आहे आणि साधनं झपाट्याने सुधारत आहेत. पण तुमचा वरिष्ठ 'आता निम्म्या माणसांत होईल' म्हणत असेल, तर प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजलं का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

वेगाबद्दलही असंच. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं, पण कारखान्यांची उत्पादकता खऱ्या अर्थाने वाढली ती १९२० च्या दशकात. मालकांनी आधी फक्त वाफेच्या इंजिनाच्या जागी मोठी मोटर ठेवली; सगळ्या यंत्रांना गती देणारा छताखालचा लांब दांडा आणि त्यावरचे पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा फरक पडला. एआय त्यापेक्षा वेगाने पसरतं आहे, पण कामाची मांडणी बदलायला माणसांना लागणारा वेळ तितकासा बदललेला नाही. तुमच्याकडे काही वर्षं आहेत. ती वाया घालवू नका.

नोकरीचं स्वरूप बदलण्याची दुसरी एक बाजू तुमच्या प्रश्नात नाही, पण मुलीच्या पिढीला ती भेटेल. ॲपवरून प्रवासी, जेवण, पार्सल पोहोचवणाऱ्यांना काम मिळतं, पण मुकादम मोबाइलमध्ये बसलेला असतो. कोणाला कोणती फेरी द्यायची, किती पैसे, कोणाचं खातं बंद करायचं, हे तो ठरवतो आणि का ते सांगत नाही. माणसाला यंत्राने बदलण्यापेक्षा माणसावर यंत्र नेमणं आजवर अधिक झालं आहे, असं माझं मत आहे. याला उत्तर न्यायालयांतून आणि कायद्यांतून येतंय. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक 'स्वतंत्र व्यावसायिक' नसून कामगार आहेत असं ठरवलं, त्यामुळे त्यांना किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क मिळाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा कामाबद्दलचा निर्देश मंजूर केला; सदस्य देशांनी तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा आहे. त्यात एक तरतूद अशी, की कामगाराचं खातं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा. मुलगी अशा कामात पडली नाही तरी कार्यालयातही हाच प्रश्न येणार आहे: तिच्या कामाचं मूल्यमापन कोण करतंय, आणि त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची?

कराराने किती फरक पडतो, ते बंदरांवर सगळ्यात स्पष्ट दिसलं. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचं जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ पेट्या घेऊन निघालं. पोती आणि खोकी पाठीवरून चढवणाऱ्या गोदी कामगारांचा काळ त्या कंटेनरने संपवला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने यंत्र अडवलं नाही. १९६० मध्ये तिने मालकांशी करार केला: यंत्रं आणा, पण नोंदणीकृत कामगाराला काढायचं नाही, ठरावीक कमाईची हमी द्यायची आणि लवकर निवृत्त होणाऱ्यांसाठी निधी उभारायचा. बचतीतला वाटा कामगाराला मिळाला. यात एक उणीव होती आणि तीही सांगायला हवी: पूर्ण नोंदणी नसलेले तरुण, हंगामी कामगार या संरक्षणाबाहेर राहिले. पुन्हा तेच, दाराबाहेरचे.

अगदी अलीकडे अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवसांचा संप केला. मिळालेल्या करारात एआय वापरण्यावर बंदी नाही. लेखकाला हवं तर कंपनीच्या संमतीने तो वापरेल, कंपनी सक्ती करू शकत नाही. आणि यंत्राने लिहिलेल्या मजकुराच्या नावाखाली लेखकाचं श्रेय वा मोबदला कापता येत नाही. साधन कोणाच्या हातात, यावर ते भांडले. मला ही आजवरची सगळ्यात शहाणी मागणी वाटते.

आता तुमच्यापुरतं. १७ वर्षांत तुम्ही जमवलेली खरी संपत्ती म्हणजे अपवाद. कोणता पुरवठादार मार्चमध्ये बिल मागे-पुढे करतो, कोणत्या खात्यात जुनी चूक फिरत राहते, लेखापरीक्षक कुठे बोट ठेवतो. हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. प्रणालीने मंजूर केलेल्या नोंदींतून दर आठवड्याला २०-२५ नोंदी चिठ्ठ्या टाकून काढा, हाताने तपासा, सापडलेल्या चुका तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांत तुमच्याकडे असा कागद असेल, जो विभागात दुसऱ्या कोणाकडे नसेल. यंत्र कुठे चुकतं हे आकड्यांत सांगू शकणाऱ्या माणसाला काढून टाकताना कंपनी विचार करते. हे मी अनेकदा पाहिलं आहे. मात्र टेलिफोनच्या मुलींचं विसरू नका. तुमचं ज्ञान फक्त याच कंपनीत चालणारं असेल तर ते अपुरं आहे. करकायदा, अंतर्गत नियंत्रण, लेखापरीक्षण यांपैकी एका बाजूला पुढचं शिक्षण घ्या, जे दुसऱ्या दारातही चालेल.

मुलीने कोणता 'सुरक्षित' व्यवसाय निवडावा, याचं उत्तर मी देणार नाही, कारण देणारा चुकतो. २०१८ मध्ये अमेरिकेत लोक जी कामं करत होते त्यातली सुमारे ६० टक्के अशा पदनामांची होती, जी १९४० मध्ये अस्तित्वातच नव्हती. १९४० मध्ये कोणीही ती यादी लिहू शकलं नसतं. तिने व्यवसायापेक्षा पहिली जागा नीट निवडावी. मुलाखतीत तिने दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: गेल्या वर्षी तुम्ही नवखे किती घेतले, आणि त्यांचं काम कोण तपासून देतं? पगार थोडा कमी पण हाताखाली घेऊन शिकवणारं कोणी असेल, तर मी ती जागा घ्यायला सांगेन. पहिल्या तीन वर्षांत मिळालेला हात पुढे कोणी काढून घेत नाही.

आणि नोकरी लागेपर्यंत रिकामे महिने असतील, तर एखाद्या छोट्या संस्थेचे वर्षभराचे हिशेब तिने आधी स्वतः लिहावेत, कागदावर. मग तेच एआयकडून करून घ्यावेत. दोन्ही शेजारी ठेवून कुठे फरक पडला, कोण चुकलं आणि का, हे तिने तुम्हाला समजावून सांगावं. तपासणारे तुम्ही असाल. तिला मिळणारी ती पहिली उमेदवारी असेल, आणि तुमच्या अपवादांची वही तिथूनच पुढे जाईल.